कवेलूवाले चाचा आणि बिनछपराची घरं

कवेलूवाले चाचा छपरावर चालायचे तेव्हा खाली झोपलेल्या मांजरीचा कानसुद्धा हलत नसे. वजन असं, की वावटळ दिसली की चाची त्यांना खाटेला बांधून टाकत. खोटं वाटत असेल तर मोहर्लीच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात कोणालाही विचारा. दर उन्हाळ्यात माकडांनी फोडलेले कवेलू, म्हणजे छपराची कौलं, बदलायचे, सरकलेले फेरून नीट बसवायचे, हेच त्यांचं काम. म्हणायचे, "घर छपरानं असते बेटा. भिंती तं कबरीलेही असतात."

त्यांची वर्षाची भाकर कवेलूच्या तीन घरांवर निघे: तेंदूपत्त्याचे ठेकेदार, राईस मिलवाले अन् त्यांचे व्याही. बाकी गाव गवताखाली नाहीतर टिनाखाली. नळयोजनेसाठी सरपंचबाईंनी या तीन घरांची घरपट्टी तिप्पट करायचा ठराव मांडला, तेव्हा सर्वांत उंच हात चाचांचा. "लावा बाई! ज्याच्या घरचं मांजरही तूप खाते, त्याले काय फरक पडते?" सभा खदखदून हसली. ठेकेदारही हसले, फक्त आवाज न करता.

आठवड्यातच ठेकेदारांचा निरोप आला. "चाचा, छप्पर उतरवा. बिनछपराच्या घराले घरपट्टी लागत नाई." पाठोपाठ उरलेल्या दोघांनीही उतरवलं. चाचांना जन्मात मिळाली नव्हती एवढी मजुरी त्या उन्हाळ्यात मिळाली. मग मालक मंडळी नागपूरला गेली, मिलला कुलूप लागलं, कवेलू घडवणाऱ्या कुंभाराची भट्टी विझली. नवी घरपट्टी राहिली बाजूला, जुनीही बुडाली. ठेकेदारांच्या देवघरात अस्वल राहायला आलं, अन् मिलवाल्यांच्या माजघरात उगवलेला मोह वर्षभरात फुललासुद्धा!

पुढल्या सभेत सगळ्यांनी ठराव मागे घेतला. एकटे चाचा हात मांडीखाली दाबून बसले. "हात वर केला अन् छप्पर खाली आलं," म्हणाले. "आता हात खाली केल्यानं ते वर जाईन का बाई?" नागपूरहून कोणी परतलं नाही.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात भर बारा वाजता चाचा मला ठेकेदारांच्या उघड्या भिंतीवर बसलेले दिसले. खालून कोणी काही देतंय तसा हात पुढे करत होते, अन् दर वेळी तळवा वजनानं खाली जात होता.

"चाचा, काय करून राह्यले?"

"कवेलू फेरून राह्यलो. काऊन, दिसत नाई तुले?"

मी दारातून आत डोकावलो. कोणी नव्हतं. वर नुसतं आभाळ जळत होतं, अन् खाली फरशीवर मात्र गार, गच्च सावली पडली होती.

चाचा त्या दिवशी उतरलेच नाहीत. भिंतीला शिडी, शिडीखाली चपला. आम्ही पार जंगल धुंडाळलं. चाची मात्र रडल्या नाहीत. "किती दिसानं काम लागलं त्याहिले," म्हणाल्या. "सरल्याबिगर कसे उतरतीन?" अन् रोज दुपारी शिडीला डबा अडकवून येऊ लागल्या. संध्याकाळी डबा रिकामा असे. माकडं खातात, असं आम्ही म्हणतो, म्हणावंच लागतं. पण खाल्ल्यावर डबा घासून उपडा ठेवणारं माकड मी तरी अजून पाहिलेलं नाही.