शांत माणसाची भूमिका

नाहूरच्या आमच्या सोसायटीच्या गणपतीसाठी मी एकांकिका लिहिली आणि नायकाची भूमिकाही मीच लाटली. नायक अतिशय शांत स्वभावाचा. पण रंगमंचावर शांतपणा नुसता दिसत नाही, शेजारी कोणीतरी आरडाओरडा करणारा लागतो. म्हणून मी त्याला एक तापट भाऊ दिला आणि ते काम तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या गळ्यात मारलं. काका म्हणजे वाटेतल्या मुंगीलाही "जरा सरक गं बाई" म्हणणारा माणूस.

पार्किंगमध्ये तालीम सुरू झाली. काकांनी संतापून प्लास्टिकची खुर्ची आपटायची होती. त्यांनी ती उचलली, पुसली आणि हळूच खाली ठेवली.

"काका, आपटा!"

"अरे, सोसायटीची आहे ना."

पुन्हा तेच झालं, तेव्हा मीच ती खुर्ची अशी आपटली की तिचा पाय तुटून गाडीखाली गेला. वर ओरडलो, "एवढं साधं जमत नाही? वाट लावताय माझ्या नाटकाची!"

काका वाकून गाडीखाली बघत म्हणाले, "तुला लागलं नाही ना रे?"

माझी बायको म्हणाली, "आता तरी दोघं भूमिकांची अदलाबदल करा. काही शिकवायलाच नको!"

मी तावातावाने नकार दिला. त्या नकारालाच तालमीला जमलेल्यांच्या टाळ्या पडल्या आणि नायक हातचा गेला.

प्रयोगात काका नुसते बसून राहिले. लोक म्हणाले, काय शांत माणूस उभा केलाय! तो उभा राहावा म्हणून शेजारी मी घसा फोडत होतो, त्याचं कोणाला काही आहे का?