शुभवर्तमानांची उलटतपासणी

"मत्तय कोण? त्याचा पत्ता सांगा. त्याची सही दाखवा."

सोनवणेकाकांनी माझ्या टेबलावर बोट आपटलं. चहाचा कप बशीतल्या बशीत नाचला. समोर बसलेले उबाळे मास्तर शांतपणे म्हणाले, "सोनवणेसाहेब, दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस तो. त्याचं रेशनकार्ड मी कुठून आणू?"

मी वकील. ऑफिस उल्हासनगरला, एका सिंधी कापडवाल्याच्या दुकानावर, माडीवर. माझ्याकडे येणारी भांडणं नेहमीची असतात. भिंत, भाडं, घटस्फोट, चेक बाउन्स. बायबल कोणी लिहिलं यावरून माझ्याकडे कधी कोणी भांडायला आलं नव्हतं. तेवढं एक राहिलं होतं, ते दोन हजार पाचच्या सुमारास झालं.

प्रकरण खरं तर लग्नाचं. प्रज्ञा सोनवणे आणि रूबेन उबाळे. दोघं बदलापूरच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये कामाला. ती शिरगावची, बौद्ध घरातली. तो अंबरनाथचा, मराठी ख्रिश्चन. कोणीच धर्म बदलायचा नाही असं दोघांनी ठरवलं होतं, म्हणून स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली नोंदणी लग्न. त्याची पद्धत सोपी आहे. सरकारी ऑफिसात नोटीस द्यायची. ती महिनाभर बोर्डावर लागते. कोणाची कायदेशीर हरकत आली नाही, तर तीन साक्षीदारांसमोर सह्या करायच्या आणि पेढे वाटायचे.

महिना उलटून गेला होता. हरकत कोणाची नव्हती. पण नोटिशीलाही मुदत असते. ती टळली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि आमचं घोडं पेंड खात होतं ते एका सहीवर.

प्रज्ञानं मला सुरुवातीलाच सांगितलं होतं, "मॅडम, साक्षीदार म्हणून पहिली सही बाबांची. ती नसेल तर मी पण सही करणार नाही."

"अगं, तू सज्ञान आहेस. कायद्यानं बापाची सही लागतच नाही."

"कायदा मला माहितीये. बाबा तुम्हाला माहिती नाहीत."

ते लवकरच माहिती झाले. काका अंबरनाथच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. मुलगा त्यांना पसंत होता. जात, हुंडा, मानपान, असलं काही त्यांच्या डोक्यातही नव्हतं. अडलं कुठे, तर उबाळे मास्तर सहज बोलून गेले की नोंदणी झाल्यावर घरी छोटीशी प्रार्थना करू आणि बायबलमधला एक उतारा वाचू. मास्तर म्हणजे रूबेनचे वडील, रिटायर्ड शिक्षक. रविवारी चर्चमध्ये प्रवचनही करायचे.

काका भडकले. "आमच्याकडे प्रत्येक पार्टवर शिक्का असतो. कोणी बनवला, कोणी तपासला. शिक्का नसलेला माल मी गेटबाहेर जाऊ देत नाही. आणि ज्या पुस्तकाचा लेखक सापडत नाही, त्याच्यासमोर पोरगी उभी करू?"

मी दोघांना ऑफिसात बोलावलं. वाटलं, अर्ध्या तासात मिटेल. कसलं काय! काका तयारी करून आले होते. लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचली होती, खुणेला कागदाच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. माझ्या निम्म्या वकीलमित्रांची एवढी तयारी नसते.

"जुन्या करारातली पहिली पाच पुस्तकं मोशेनं लिहिली म्हणता ना? मग पाचव्याच्या शेवटी मोशे मेल्याची हकीकत आहे. ती कोणी लिहिली? मेलेल्या माणसानं?"

"तेवढा शेवट त्याच्यामागून आलेल्या यहोशवानं लिहिला, असं जुने लोक मानतात," मास्तर म्हणाले.

"म्हणजे शिफ्ट बदलली! मग रिलीव्हरची सही कुठाय?"

मला हसू आवरेना. मास्तरही हसले. पण काकांचं संपलं नव्हतं. आता शुभवर्तमानं. म्हणजे येशूच्या आयुष्याची हकीकत सांगणारी चार पुस्तकं. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची.

"पहाटे थडग्यापाशी बायका गेल्या. बरोबर? किती गेल्या? योहान एकीचं नाव सांगतो. मत्तय दोघींचं. मार्क तिघींचं. मास्तर, माझ्याकडे एकाच पार्टची तीन मापं आली तर मी अख्खा लॉट परत पाठवतो."

"खरं आहे," मास्तर म्हणाले. "आणि आणखी एक सांगतो, तुमच्या कामाचं आहे. त्या पुस्तकांच्या आत लेखकाचं नाव नाही. ती नावं मागाहून लागली असं पुष्कळ अभ्यासक म्हणतात. आमची परंपरा म्हणते, त्याच माणसांनी लिहिली."

आपलाच मुद्दा समोरच्यानं हातात आणून दिल्यावर वकील गडबडतो. काकाही गडबडले. मग आवाज चढवून म्हणाले, "मग झालं तर! केस खलास!"

खालून दुकानदार शेठ ओरडला, "वकीलसाब, ऊपर झगडा है क्या? पुलिस बुलाऊँ के चाय?"

"चाय!" मी ओरडले.

चहा येईपर्यंत मी माझ्या धंद्यातलं थोडं सांगितलं. कोर्टात ऐकीव पुरावा म्हणून एक प्रकार असतो. स्वतः पाहिलं नाही, दुसऱ्याकडून ऐकलं. तो सहसा चालत नाही. त्या हिशेबानं बायबलचा बराच भाग कोर्टात अडकेल. पण दुसरीही बाजू आहे. चार साक्षीदार शब्दाला शब्द जुळवून बोलले, की जज्ज आधी भुवई वर करतात. असे साक्षीदार बहुतेक पढवलेले असतात. खऱ्या साक्षींमध्ये बारीकसारीक फरक पडतातच. म्हणून फरक आहे एवढ्यावरून ते खोटं ठरत नाही, आणि खरंही ठरत नाही.

"म्हणजे तुम्ही कोणाच्या बाजूच्या?" काकांनी विचारलं.

"मी प्रज्ञाच्या बाजूची. मुदत संपत आलीये, काका."

कोपऱ्यात प्रज्ञा आणि रूबेन बसले होते. रूबेन नखं खात होता. प्रज्ञा वडिलांकडे एकटक बघत होती. तिला लग्न हवं होतं आणि बापही हवा होता. त्या पोरीचा चेहरा बघून माझा जीव तुटत होता.

काका उठले. "मॅडम, अस्सल साक्ष कशी असते ते मी दाखवतो. छप्पन सालची नागपूरची दीक्षा. मी स्वतः तिथं होतो. माझी थोरली बहीण होती. शनिवारी तिला घेऊन येतो. आमच्या साक्षीत एक माप चुकलं, तर मी मुकाट सही करीन."

वकील म्हणून मला विचारायला हवं होतं, की बहिणीशी आधी बोललात का. पण मी अशिलाला अडवलं नाही, कारण तो अशील माझा नव्हता.

शनिवारी आक्का आल्या. बदलापूर गावात राहायच्या. तोंडभर हसू आणि हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. डबा माझ्या फायलींवर ठेवला आणि मास्तरांना विचारलं, "पाव्हणं, मूळ गाव कंचं?" मास्तरांनी नगरकडचं गाव सांगितलं. "अगं बया! आमच्या शेजारचंच की!" आक्कांनी लगेच सोयरीक पक्की करून टाकली.

काका मात्र साक्षीला उभे राहिले होते. अगदी पिंजऱ्यात उभं राहतात तसे, ताठ.

"मी चार वर्षांचा होतो. वडिलांच्या खांद्यावर बसलो होतो. जिकडे बघावं तिकडे पांढरे कपडे. शेवटच दिसत नव्हता. आईनं नवं पांढरं लुगडं घेतलं होतं. शपथ घेताना वडिलांचा आवाज कापत होता, तो मला पायाला जाणवत होता. मी लहान होतो, पण एवढं कळलं की आजपासून आपण कोणापुढे वाकायचं नाही."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. काकांनी बहिणीकडे पाहिलं. "आक्का, तू सांग."

"समदं खरं हाय," आक्का म्हणाल्या. "फकस्त लुगडं नवं नव्हतं. जुनंच, नीळ घालून धुतल्यालं."

"बरं. लुगडं जुनं."

"आन् तू नव्हतास."

काकांना वाटलं गंमत करतेय. "आक्का, काहीतरी बोलू नकोस."

"आरं, तुला गोवर आला व्हता. आजीपाशी गावाकडंच ठिवला व्हता तुला. दाराला लिंबाचा डहाळा बांधला व्हता."

"मग खांद्यावर कोण होतं?"

"मी! सात वर्षांची घोडी. आबांचा खांदा मोडायची पाळी आली व्हती. परत आल्यावर मीच तुला सांगितलं समदं. त्याबिगर तू झोपायचाच न्हाईस."

काका खुर्चीत बसले. मग म्हणाले, "दरवर्षी विहारात मी हे सांगतो. तू समोर बसलेली असतेस. एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू लई झ्याक सांगतोस रं. ऐकताना लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. मी सांगितलं तर लुगडं आन् गोवरातच अडकले असते. म्हणलं, सांगू दे तुला तुझ्या नावानं."

मला फार वाईट वाटलं. आयुष्यभर बिनशिक्क्याचा माल परत पाठवणारा माणूस, आणि त्याच्या काळजातल्या गोष्टीवर शिक्का निघाला दुसऱ्याचाच. हुकमाचं पान आता मास्तरांच्या हातात होतं. त्यांनी नुसतं "बघा" म्हटलं असतं, तरी ते लग्न तिथंच मोडलं असतं.

मास्तर उठून काकांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. "साहेब, खोटं काय आहे त्यात? तुमचे वडील गेले होते ना? शपथ घेतली ना?"

"आबांनी आल्या आल्या देव नदीत सोडलं," आक्का म्हणाल्या. "आन् ह्याला साळंत घातला."

"झालं तर मग. त्या शाळेमुळे तुम्ही इथवर आलात. आमच्या आजोबांच्या बाप्तिस्म्याची गोष्टही घरात कोणी नदीवरची सांगतो, कोणी विहिरीवरची. आजोबा भिजले होते एवढं नक्की."

मी वकिली सोडेना. "मास्तर, यावरून तुमचं पुस्तक सिद्ध होत नाही हं."

"नाहीच होत, मॅडम. सिद्ध झालं असतं तर मला रोज सकाळी प्रार्थना कशाला करावी लागली असती?"

काका पहिल्यांदा हसले. हसता हसता रुमालानं डोळे पुसले. मग त्यांच्यातला इन्स्पेक्टर जागा झाला.

"डेव्हिएशन," ते म्हणाले.

आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी समजावून सांगितलं. एखादा पार्ट ड्रॉइंगप्रमाणे नसतो, पण मशीनमध्ये बसतो, काम करतो. तो फेकायचा नाही. फरक कुठे आहे ते स्पष्ट नोंदवायचं आणि पास करायचा. त्याला म्हणायचं डेव्हिएशनवर पास.

"तुमचं बायबल डेव्हिएशनवर पास. माझी गोष्ट पण. मात्र आधी आमची वंदना, मग तुमची प्रार्थना. आणि प्रज्ञा डोकं वाकवणार नाही."

"नको वाकवू दे. आम्ही उभ्यानंच करतो," मास्तर म्हणाले.

"आन् जेवान कवा?" आक्कांनी विचारलं. प्रज्ञा उठली आणि बापाच्या गळ्यात पडून हमसून रडली. रूबेनची नखं संपली होती, म्हणून तो टाळ्या वाजवायला लागला.

मुदतीच्या आत लग्न लागलं. साक्षीदार तिघं, काका, मास्तर आणि आक्का. काकांनी सही करण्याआधी रजिस्टर वरपासून खालपर्यंत वाचलं आणि रूबेनच्या पत्त्यातला पिनकोड चुकल्याचं दाखवून दिलं. तिथला साहेब वैतागला, पण दुरुस्त करावाच लागला.

त्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला काकांनी मला विहारात बोलावलं. मास्तरही आले होते. काका बोलायला उभे राहिले. "माझी बहीण सात वर्षांची होती. वडिलांच्या खांद्यावर बसून तिनं जे पाहिलं, ते ती मला रोज सांगायची. तिचं पाहिलेलं मी सांगतो." पुढे सगळं तेच होतं. लोकांच्या डोळ्यांत पाणीही तेवढंच आलं. फक्त पहिल्या रांगेतून आक्कांचा आवाज आला, "लुगडं जुनं व्हतं, त्ये पण सांग!"

दोघे व्याही अजून भांडतात. मोशेच्या मरणाचा निकाल लागलेला नाही. मी मात्र तेव्हापासून माझ्या ज्युनियर्सना बजावत आले आहे. साक्षीदार कितीही खात्रीचा असू दे, त्याला पिंजऱ्यात उभा करण्याआधी एकदा त्याच्या थोरल्या बहिणीला विचारून घ्या.