टेस्टिंगचा डबा

"ओ बाई, फुकटच्या जेवणाला चव विचारायची नसते. तुमच्या लोकांना घरी तरी हे मिळतं का?"

मुख्याध्यापक बोलले ते असं. हळू नाही. चौथीची अख्खी रांग ताटल्या धरून उभी होती. त्या रांगेत माझी पोरगी.

शाळा सरकारी, अंबरनाथची. आम्ही बुवापाड्यातले. नुसता पत्ता सांगितला की सरांना आमची जात कळते. मी उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाईवर. पोरगी शाळेतून यायची ती अशी भुकेली, की मला वाटायचं आज भातासोबत टोपही खाऊन टाकते. "शाळेत जेवली नाहीस?" "जेवले ना." आणि ताट परत पुढे.

नियम असा, की मुलांना वाढायच्या आधी एका पालकाने चव घ्यायची. त्या दिवशी माझी पाळी. मी कामाला दांडी मारून, इस्त्रीची साडी नेसून गेले. जसं काय मंत्रालयातून बोलावणं आलंय.

टेम्पो आला. जेवणाचे ड्रम उतरले. मग टेम्पोवाल्याने सीटखालून एक छोटा स्टीलचा डबा काढला.

"भाभी, ये टेस्टिंगवाला है."

उघडला. आई शप्पथ, वास असा की मढंही उठून ताट मागेल! खिचडीत तूप, वाटाणे, वर काजू. मी दोन घास खाल्ले. खोटं कशाला बोलू, तिसराही खाल्ला.

"छान आहे ना? चला मग, वाढू द्या," सर म्हणाले.

तेवढ्यात पोरीकडे लक्ष गेलं. ती त्या डब्याकडे बघत होती. शाळेच्या जेवणात काजू असतो, हे ती पहिल्यांदाच बघत होती.

मी म्हटलं, "सर, आता ड्रममधलं द्या."

तेव्हा ते बोलले. फुकटचं. तुमचे लोक. टेम्पोवाला फिस्सकन हसला. दोन मॅडम आपापल्या डब्यातल्या पोळीकडे बघत राहिल्या.

माझी मान खाली गेली. सवयच ती. आईने तेच शिकवलेलं, मिळतंय ते घे, वर बघू नको. मान खाली गेली म्हणूनच पायाशी ड्रम दिसला.

झाकण काढलं. पळी घातली. खिचडी म्हणून पिवळं पाणी. त्यातली डाळ शोधायला खाडीवरचे कोळी जाळं घेऊन बोलवावे लागले असते. तांदळाला कुबट वास. एक घोट घेतला आणि थुंकले. सरांच्या बुटांजवळ. बुवापाड्यात सांगतात, बुटांवर. मी नाही म्हणत नाही.

"सर, ही भीक नाही. सरकारने आमच्या पोरांच्या नावाने पाठवलेलं जेवण आहे. बिस्किटाच्या पुड्यावर टॅक्स आम्हीपण भरतो."

"तुमची मुलगी इथेच शिकते, विसरू नका."

"विसरले नाही, म्हणूनच बोलतेय."

पोरगी रडायला लागली. "मम्मी, चल ना गं." मी हलले नाही. तरी सरांनी तेच पाणी वाढायला लावलं. माझ्यासमोर. पोरं प्यायली.

दुसऱ्या दिवशी टेम्पो तोच, ड्रम तेच. चव घ्यायची माझी पाळी तेवढी कायमची रद्द.

होऊ दे रद्द. गल्लीतल्या बायकांशी बोलले आहे. रोज वाढायच्या वेळी आमच्यातली एक तिथे उभी राहणार. ड्रममधलं आधी सर खाणार, आमच्यासमोर. त्यांच्या घशाखाली जे उतरणार नाही, ते आमच्या पोरांच्या ताटलीत पडू देणार नाही.