दोन्ही फोटोंतला पाहुणा

क्लबच्या जिन्यात जुन्या संघांचे फोटो नव्याने लावलेत. क्रिकेटच्या फोटोत मी आहे, फुटबॉलच्याही. पावसाळाभर फुटबॉल, हिवाळाभर क्रिकेट. दोन्ही खेळून पोट भरणारा तेव्हा इथे मी एकटाच होतो. पण दोन्ही फोटोंखाली माझ्या नावापुढे लिहिलंय, ‘पाहुणा खेळाडू’!

सेक्रेटरीला जाब विचारला. तो म्हणाला, “काका, क्रिकेटवाले म्हणतात तुम्ही फुटबॉलचे, फुटबॉलवाले म्हणतात क्रिकेटचे. मी तरी काय करू?”

आयुष्यभर हेच ऐकतोय. जास्त दिलं की माणूस कुणाचाच उरत नाही का?

कठडा धरून, एकेक पायरी उतरलो. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. इथे फुटबॉलने माझा गुडघा खाल्ला आणि क्रिकेटने खांदा.