मास्तरांचे हात खिशात

पडद्यांच्या कारखान्यात मास्तरांना तोंडावर सगळे मास्तर म्हणत आणि पाठ वळली की उसवमास्तर. हे नाव इस्त्रीवाल्याने ठेवलेलं. ते इतकं चिकटलं की एकदा कापडवाल्याने फोनवर सरळ विचारलं, "उसवमास्तर आहेत का?" फोन नेमका मास्तरांनीच उचलला होता. "बाहेर गेलेत," ते म्हणाले आणि ठेवून दिला.

कुणीही काहीही शिवायला घेतलं की मास्तर मागे येऊन उभे राहत. आधी नुसतं 'हं'. हा 'हं' तोंड न उघडता नाकातून निघायचा आणि ऐकणारीचा पाय मशीनवर तिथल्या तिथे थिजायचा. मग कपाळावरचा चष्मा नाकावर यायचा. मग शर्टाच्या वरच्या खिशातून ब्लेडचा तुकडा निघायचा, आणि टर्रर्र. "काही नाही गं, शिलाई जराशी ओढली गेली होती. तू कर तुझं, कर." ती बिचारी तिचं करेपर्यंत यांनी तिची जागा घेऊन अर्धी पट्टी शिवून टाकलेली असायची.

घरी तरी काय वेगळं? बायकोने चादर घडी करून ठेवली की पाच मिनिटांनी तीच चादर कपाटात दुसऱ्या घडीत दिसायची. चिरलेली भाजी पुन्हा चिरली जायची. "अहो, एक दिवस मला झोपेत उसवाल आणि पुन्हा शिवाल," बायको म्हणायची. त्यावर मास्तर तिच्याकडे क्षणभर अशा नजरेने बघत, की तिला वाटे, उगाच सुचवलं.

हे सगळं हसण्यावारी जात होतं. पण एका दुपारी लेकीने हातातली कात्री टेबलावर ठेवली. लेक कापडाचं रीतसर शिकून आलेली, कटिंगला हात साफ, ग्राहकांशी बोलायला गोड. तरी तिची एकही शिवण मास्तरांच्या ब्लेडखालून सुटलेली नव्हती. ती ओरडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, गाड्यांच्या सीटा शिवतात त्या कंपनीने बोलावलंय मला. नाट्यगृहाच्या पडद्याचं काम घेतलंय तेवढं पुरं करते. मग जाते."

मास्तर 'हं' म्हणाले. या वेळी चष्मा मात्र कपाळावरच राहिला. त्या लांबलचक टेबलाच्या पलीकडे ती उभी नसेल, तर अलीकडे आपण कशाला उभं राहायचं, हे त्यांना कळेना. हे कुणाला सांगायचं, तेही कळेना.

बायकोला न सांगता कळलं. तिने त्यांना कोचबाईंकडे, म्हणजे सवयी बदलायला मदत करणाऱ्या बाईंकडे धाडलं. कोचबाई दातांच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत बसत. आधी त्या विमा कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, आता स्वतःच्या खोलीत ऐकायच्या. खोलीत समोरासमोर दोन खुर्च्या होत्या, आणि टिश्यूचा डबा इतका हाताशी ठेवलेला, की आलेल्या माणसाला वाटावं आपण रडलो नाही तर बाईंचा खर्च वाया जाईल.

"तर... आज कुठून सुरुवात करावीशी वाटतेय तुम्हाला?" कोचबाईंचं प्रत्येक वाक्य शेवटाला मऊ व्हायचं, उशीवर डोकं टेकल्यासारखं.

"तुम्हीच सांगा. तुम्ही शिकलेल्या."

"मी सांगणार नाही हं. मी फक्त विचारणार."

"मग मी कशाला आलोय?"

"छान प्रश्न आहे," कोचबाई म्हणाल्या आणि हसऱ्या चेहऱ्याने गप्प बसल्या.

त्या गप्प बसल्या म्हणून मास्तर इकडेतिकडे बघू लागले आणि त्यांना खिडकीचा पडदा दिसला. खालची किनार एका बाजूला झुकलेली.

"आत्ता तुमचा हात कुठे गेला?" कोचबाईंनी विचारलं.

"खिशात."

"काय आहे खिशात?"

"ब्लेड."

बाईंनी खुर्ची जरा मागे घेतली.

"तुमच्यासाठी नाही हो! पडदा झुकलाय तुमचा."

"माहितेय मला. लावला तेव्हापासून तसाच आहे."

"आणि चालतं तुम्हाला?"

"पडदाच आहे हो."

हे वाक्य मास्तरांनी जन्मात कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ते त्या किनारीकडे बघतच राहिले. कोचबाईंनी ती संधी साधली. "हात पुढे जायच्या आधी, अगदी त्याच्या आधी, तुमच्या आत काय होतं?"

"आत? आत चहा आहे, सकाळचा."

बाई हसल्या, पण थांबून राहिल्या. वाट बघण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. शेवटी मास्तर खुर्चीच्या हाताला नखाने खरवडत म्हणाले, "भीती वाटते. लोक म्हणतील, हे मास्तरांच्या कारखान्यातलं? आणि मग... मग मी कोण उरलो?"

टिश्यूचा डबा त्यांनी दूर सारला. पण घरी जाताना मन जरा हलकं झालं होतं. दर शुक्रवारी यायचं ठरलं. बाईंनी एवढंच करून बघायला सांगितलं होतं, की हात पुढे जायला लागला की तो पँटच्या खिशात घालायचा. आणि ब्लेड घरी ठेवायचं.

मास्तर हट्टाचे पक्के. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही हात खिशात कोंबून ते कारखान्यात फिरू लागले. थंडी वाजतेय की खिसा फाटलाय, यावर मशीनवरच्या बायकांत चर्चा झाली. वर कोचबाईंची भाषाही त्यांना लागली. एकीच्या मागे उभे राहून ते मऊ आवाजात म्हणाले, "या टाक्याकडे बघून तुझ्या आत काय होतंय?" ती इतकी घाबरली की तिने स्वतःच सगळं उसवलं.

"मास्तर बरे नाहीत," इस्त्रीवाल्याने जाहीर केलं आणि जेवणाच्या सुट्टीत खिशात हात घालून, पोट पुढे काढून, 'तुझ्या आत काय होतंय' हा प्रयोग करून दाखवला. तो बघायला शेजारच्या छपाईवाल्यांकडूनही माणसं आली.

बायको मात्र हुरळून गेली नाही. "मागे पहाटे पळायला जाणार होते. ते बूट खोक्यातून उतरलेच नाहीत अजून. बघू, हे किती टिकतंय."

इकडे लेकीच्या शिवणी जशाच्या तशा राहू लागल्या, आणि काम करता करता ती पुन्हा गुणगुणायला लागली. मास्तर दुरून ऐकत. गुणगुणणं बेसूर होतं, पण त्याला काही ब्लेड लावता येत नाही.

नाट्यगृहाचा पडदा मखमलीचा होता, दोन भागांत उघडणारा. डावा भाग मास्तरांनी घेतला, उजवा लेकीने. आता मखमलीची एक खोड असते. तिला लव असते, बारीक केसांसारखी, आणि ती एकाच दिशेला झुकते. लव खाली वळलेली असली तर कापड उजळ दिसतं, वर वळलेली असली तर काळपट. कापड एकच, रंग दोन. म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे. मास्तर लव नेहमी खाली ठेवत.

लेक कापायला लागली तेव्हा नेमका ग्राहकाचा फोन आला. बोलत बोलत ती टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली, फोन ठेवला आणि तिथूनच ठाण उलगडून कापायला सुरुवात केली. उलट्या टोकाने. म्हणजे तिचे सगळे तुकडे उलटे निघणार.

मास्तरांना ते टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून दिसलं. हात सुटला. त्यांनी तो झेलल्यासारखा पकडला आणि खिशात कोंबला. मनात म्हणाले, हीच ती परीक्षा. ती गुणगुणत कापत गेली, मग शिवत गेली, आणि मास्तर ओठ आवळून आपला डावा भाग शिवत राहिले. शुक्रवारी ते कोचबाईंपुढे मोठ्या ऐटीत बसले.

"मोठी चूक दिसली, आणि मी काही म्हणजे काही केलं नाही!"

"अरे वा! आणि कसं वाटतंय?"

"छातीवर गरम इस्त्री ठेवल्यासारखं."

कोचबाईंचं हसू जरा थांबलं. "असं? मग हे आपल्याला नीट बघायला हवं..." पण तेवढ्यात दारावर टकटक झाली. पुढचा माणूस आला होता आणि वेळ संपली होती.

पडदा टांगला तेव्हा नाट्यगृहात भर दुपार होती. व्यवस्थापकाने रंगमंचाचे दिवे लावले, आणि डावा पडदा डाळिंबी दिसला, उजवा जवळजवळ काळा.

"मास्तर, कापड दोन दुकानांतून आणलं की काय?" व्यवस्थापक म्हणाला.

लेक पुढे झाली. तिने उजव्या पडद्यावरून तळवा फिरवला, मग डाव्यावरून, आणि तिचा चेहरा उतरला. "लव उलटी गेली. माझी चूक." मग ती हळूच वळली. "बाबा, तुम्हाला नाही दिसलं?"

नाही म्हणणं सोपं होतं. जिभेवर आलंही होतं.

"दिसलं होतं."

"कधी?"

"तू कापत होतीस, तेव्हाच."

"आणि बोलला नाहीत?"

"बाईंनी सांगितलं होतं, हात खिशात ठेवायचे."

"हात खिशात सांगितलं होतं ना? तोंड कुणी शिवलं तुमचं?" तिचा आवाज रिकाम्या खुर्च्यांवरून फिरून परत आला. "आधी माझं उसवायचात तेव्हा निदान कळायचं तरी, काय चुकलं ते. आता नुसते उभे राहून बघत होतात? कधी तोंडावर आपटतेय म्हणून?"

"नाही गं," मास्तर म्हणाले. "तू जाऊ नयेस म्हणून."

पडदा टांगायला शिडीवर चढलेला माणूस उगाच खोकला. लेकीने मान वळवून पुन्हा पडद्याकडे बघितलं. मास्तरांना राहवेना. "ऐक, सोपं आहे. तुझा भाग उतरवायचा, वरची पट्टी उसवायची, पडदा उलटा करून खालच्या बाजूला पट्टी लावायची. मी बसतो आत्ता, संध्याकाळच्या आत..." दोन्ही हात खिशाबाहेर आलेसुद्धा.

"थांबा जरा." ती पायऱ्या उतरून पार शेवटच्या रांगेत गेली. "दिवे थोडे कमी करा हो!" दिवे मंद झाले. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिथूनच ओरडली, "माझा भाग राहू द्या. तुमचा उलटा करू!"

"माझा? अगं, माझा बरोबर आहे!"

"बरोबर आहे. पण माझा चांगला दिसतोय. इथे येऊन बघा."

मास्तर बघायला गेले. उजवा पडदा खोल दिसत होता, विहिरीच्या पाण्यासारखा. त्याच्यापुढे डावा धुऊन धुऊन विटल्यासारखा. हे दिसणंच त्यांना जास्त लागलं.

"लव वर ठेवली की धूळ धरते."

"ब्रश मारायचा."

"मला काळाच बरा वाटतो," व्यवस्थापक मध्येच बोलला.

"तुम्ही थांबा हो!" बापलेक एकदम म्हणाले.

आत तीच भीती उठली होती. लोक म्हणतील, हे मास्तरांचं? मास्तरांना वाटलं होतं, एवढ्या शुक्रवारांत ती भीती निघून गेली असेल. कुठली जातेय. जुन्या भाडेकरूसारखी पाय पसरून बसली होती. फरक एवढाच, की पूर्वी ती कधी आली हे त्यांना कळतही नसे, सरळ हातातून बाहेर पडायची. आज ती येताना दिसली. आलीस का, बस, असं त्यांनी तिला मनात म्हटलं आणि तोंड उघडलं.

"मला हे पटलेलं नाही. वर्षभरात धूळ दिसायला लागेल, तेव्हा मी म्हणणार आहे, सांगितलं होतं."

"म्हणा."

"आणि माझ्यापेक्षा तुझा चांगला दिसतो, हेही मला आवडलेलं नाही."

"ते दिसतंय तोंडावर."

"बरं. उतरव माझा. उसव."

डावा पडदा रंगमंचावर पसरला. लेक मांडी घालून बसली आणि मास्तरांची पट्टी उसवायला लागली. मास्तरांचा टाका असा घट्ट, की ब्लेड जाईना. "बाबा, हा टाका आहे की सूड?"

मास्तर समोर बसले. हात पुढे गेला. तिने बघितलं. त्यांनीही बघितलं. "तिरकं धर ब्लेड," ते म्हणाले. "नुसतं सांगतोय."

"सांगा की. सांगायला कोण नको म्हणतंय?" तिने तिरकं धरलं आणि धागे सुटत गेले. थोड्या वेळाने मान वर न करता ती म्हणाली, "सीटवाल्यांना नाही म्हणून कळवते. पण माझं कटिंग माझं. चुकलं तर तोंडाने सांगायचं, तिथल्या तिथे."

"आणि मी परत हात घातला तर?"

"घालालच तुम्ही. मी उचलून बाजूला ठेवीन."

"रोज?"

"रोज."

मास्तरांनी यावर विचार केला. तो सौदा त्यांना बरा वाटला. मग त्यांनी पट्टीचं आपल्याकडचं टोक दोन्ही हातांनी ताणून धरलं, म्हणजे तिचं ब्लेड अडकू नये.