बेटाच्या अलीकडचा मुक्काम

आइसलँडबद्दल आमच्या घरात तिघांना मिळून एकच गोष्ट माहीत होती. तिथे थंडी असते. तरीही मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत बसून तिथे जायचं ठरलं, आणि पुढचे चार महिने मी त्या बेटावरच राहत होते म्हटलं तरी चालेल. कचेरीत जायची, भाजी आणायची, सकाळी पाणी भरून ठेवायची, आणि मनाने कुठल्यातरी काळ्या वाळूच्या किनाऱ्यावरून गाडीने चाललेली असायची.

सुरुवात नणंदेच्या पत्राने झाली. ती लंडनला इस्पितळात नर्स होती. दहा वर्षांपूर्वी तिने तिथल्याच एका शाळामास्तराशी लग्न केलं. आम्हाला कळवलं, विचारलं नाही. तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तिच्या घरात मी पाऊल टाकणार नाही." पुढे आरडाओरडा नाही, रडणं नाही. नणंदेचं पत्र दर महिन्याला यायचं. मी मोठ्याने वाचायची, सासूबाई भाजी चिरता चिरता ऐकायच्या आणि शेवटी "बरं" म्हणायच्या. आमच्या उत्तरात त्यांचा म्हणून एक शब्द नसायचा.

या वेळी तिने लिहिलं होतं: "वहिनी, आई माझ्या घरी येणार नाही म्हणाली होती. तिचा शब्द मोडायला मी सांगत नाही. पण आइसलँडमध्ये माझं घर नाही. तिथे भेटू या. बेटाला वळसा घालणारा एक रस्ता आहे. आठ दिवस एका गाडीत बसू आणि तो पुरा करू. गाडी तो चालवेल. ते बेट फार महाग आहे, पण गाडी आणि राहणं आमच्याकडून. तुम्ही फक्त आईला घेऊन या."

मी पत्र वाचून दाखवलं, 'गाडी तो चालवेल' हे वाक्य गाळून.

सासूबाईंनी दुधी चिरायचं थांबवलं. "बेट म्हणजे मासे असतील," म्हणाल्या. थोड्या वेळाने, "बघूया."

त्यांच्या तोंडचं 'बघूया' म्हणजे जवळजवळ होकार. एका पावसात भिंतीला ओल आली तरी जी ठेव आम्ही मोडली नव्हती, ती मोडायची असं आमच्या ह्यांनी त्याच बैठकीत सांगून टाकलं.

मी कचेरीतून एक लांब वही आणली. मला यादीशिवाय सुचत नाही. लग्न असो, बारसं असो, गावी जाणं असो, आधी वही. एका पानावर पासपोर्ट आणि व्हिसा, एका पानावर गरम कपडे आणि ते कोणाकडून मागून आणायचे, एका पानावर खाणं. नणंदेने लिहिलं होतं की तिथे वाटीभर सूप आणि पावाचे दोन तुकडे घेतले तरी पोटात गोळा येतो, खाऊन नव्हे, बिल बघून. म्हणून भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, सुकी चटणी. सासूबाई म्हणाल्या, "सुके बोंबील लिही."

"आई, विमान रिकामं करतील," हे म्हणाले.

"मग बसायला ऐसपैस जागा होईल."

नणंदेने नकाशा पाठवला. टेबलावर मावेना म्हणून रोज संध्याकाळी तो मी पलंगावर पसरायची. सासूबाई उशाशी बसायच्या, हे पायथ्याशी, आणि मधे ते बेट. उत्तरेला बोटं पसरल्यासारखे खाडीचे फाटे, मध्यभागी नुसता पांढरा रंग, म्हणजे बर्फ, आणि कडेकडेने एक लाल रेघ. तो आमचा रस्ता. गावांची नावं कोणालाच उच्चारता येत नव्हती, म्हणून आम्ही आपली नावं ठेवली. धबधब्याचं गाव, वाफेचं गाव, मेंढ्यांचं गाव. मी पेन्सिलीने एकेक दिवसाचा तुकडा पाडत जायची आणि मोठ्याने सांगायची, "आता डाव्या हाताला समुद्र. उजव्या हाताला डोंगर, त्यावर झाड नाही, नुसतं हिरवं शेवाळ. पुढे पूल, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा." खिडकीतून येऊरच्या बाजूचे डोंगर दिसायचे. संध्याकाळच्या उजेडात ते निळे व्हायचे, मग राखाडी, आणि बोलता बोलता मला कळायचं नाही की मी कुठल्या डोंगराबद्दल बोलते आहे. बाहेर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी व्हायची. आम्ही तिघंही थांबायचो, जणू पूल ओलांडायला समोरच्या गाडीची वाट बघतो आहोत.

एक मोठी चूक मी केली. सासऱ्यांच्या वेळेपासून घरात नियम होता, प्रवासात दिवेलागणीच्या आत मुक्कामाला पोचायचं. म्हणून प्रत्येक दिवसापुढे मी सूर्यास्ताची वेळ लिहिली आणि तिथपासून मागे मोजत गाडी कुठून किती वाजता सोडायची ते ठरवलं. आठ दिवसांचं सुंदर वेळापत्रक झालं. त्याची नक्कल नणंदेला पाठवली. तिचं उत्तर आलं: "वहिनी, हा सूर्यास्त मुलुंडचा आहे का? जूनमध्ये तिथे रात्रच होत नाही. सूर्य जरासा बुडतो आणि लगेच वर येतो. उजेड जातच नाही."

सूर्यास्ताचा तो रकाना मी भिंतीवरच्या कॅलेंडरातून उतरवला होता. हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "म्हणजे दिवस संपतच नाही?" त्यांनी विचारलं. "मग झोपायचं कधी? सांजवात कधी लावायची?" आणि मग हळूच, स्वतःशीच, "चांगलं आहे. कितीही उशीर झाला तरी उशीर झालाच नाही."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यातला रस्ता उजेडाने भरून गेला. कचेरीत टाइपरायटरचा खडखडाट चालू असायचा आणि मला दिसायचं, आम्ही चाललो आहोत, घाई नाही, मावळतीचा सोनेरी उजेड डोंगरावर टेकलाय तो टेकलाय. साहेबांनी एकदा विचारलंही, "बाई, बरं वाटत नाही का?"

पण वहीत एक ओळ कोरी होती.

मुंबईचं विमान लंडनला दुपारी पोचायचं आणि बेटाचं विमान दुसऱ्या दिवशी सुटायचं. मधे एक रात्र. 'लंडन, मुक्काम' एवढं लिहून पुढे मी काही लिहू शकत नव्हते. फोर्टमधल्या तिकीटवाल्याकडे मी चार खेपा घातल्या. दुसऱ्या शहरावरून जाता येतं का, त्याच दिवशी पुढचं विमान मिळतं का. तो वैतागून म्हणाला, "मॅडम, बेट आहे ते, बोरिवली नाही. हवी तेव्हा गाडी मिळत नाही." हॉटेलात राहायचं तर आम्हाला नेता येणारं परकीय चलन तिथेच संपलं असतं. हे म्हणाले, विमानतळावरच्या खुर्च्यांवर बसून काढू. सासूबाई तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या होत्या, गुडघे सुजलेले. आणि नणंदेचं घर त्या विमानतळापासून तासाभरावर.

ही गोष्ट सासूबाईंपाशी कोणी काढायची? ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. सगळं बेट रेघ मारून तयार होतं आणि त्याच्या अलीकडच्या एका रात्रीवर सगळं अडलं होतं. ती रात्र चुकीच्या पद्धतीने पुढे केली, तर त्या म्हणणार, "तुम्ही जा." एकदा म्हणाल्या की संपलं.

एका रविवारी मी रंगीत तालीम ठरवली. सासूबाईंना दिवसभर गाडीत बसवतं का, दर किती वेळाने उतरावं लागतं, डबा कुठे ठेवला की हाताला येतो, हे बघायचं होतं. ह्यांच्या मित्राची जुनी गाडी मागून आणली आणि घोडबंदरच्या रस्त्याने भाईंदर, पुढे उत्तन, गोराई असे निघालो. मी पुढे, मांडीवर नकाशा म्हणून वही. सासूबाई मागे एकट्या, खिडकीशी. मिठागरांवर पांढरा उजेड पडला होता. मी म्हटलं, "हा बर्फ समजा." हे म्हणाले, "घाम पुसा आणि समजा."

उत्तनच्या पुढे रस्ता समुद्राच्या कडेने जातो. दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, घरांसमोर क्रूस, ताडांच्या मधून पाणी चमकत होतं. गाडीत बसलेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत. सगळी पुढे बघतात, नाहीतर खिडकीबाहेर. नणंदेने घर नाही, हॉटेल नाही, गाडीच का निवडली, ते मला त्या रस्त्यावर कळलं.

मागून आवाज आला, "काय गो, थय गाडी कोण चलवतलो?"

सासूबाई एरवी आमच्याशी मुंबईचं मराठी बोलायच्या. आतून काही आलं की मालवणी.

ह्यांनी गाडी जरा हळू केली. मी मागे वळले नाही. म्हटलं, "जावई. पत्रात होतं. मी वाचलं नाही."

"माका म्हायत आसा. कागद उलटताना अडखळलंस."

मग समुद्र संपला, चिंचेची झाडं आली, एक कोंबडी आडवी आली. गोराईची पहिली घरं दिसायला लागली.

"सांभाळून चलवता मा तो?"

"हो," मी म्हटलं. मला काहीच माहीत नव्हतं.

"बरं," त्या म्हणाल्या. हे 'बरं' भाजी चिरतानाचं नव्हतं.

त्यानंतर आठवड्याभराने तिकीटवाल्याने दोन तारखा दिल्या, यातली एक लगेच सांगा. मी घरी येऊन विचारलं. ह्यांना दोन्ही सारख्याच. सासूबाईंनी चष्मा लावला, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरापुढे उभ्या राहिल्या, बोटाने चौकोन मोजले. मला वाटलं अमावास्या टाळताहेत. "दुसरी घे," म्हणाल्या. मी दुसऱ्या दिवशी जाऊन पैसे भरले.

तिकिटं हातात आली त्या संध्याकाळी मी सगळ्या तारखा वहीत चढवत होते. शेजारी कॅलेंडर ठेवलं होतं, आता फक्त वारांसाठी. लंडनच्या दिवसावर आले आणि पेन थांबलं. त्या चौकोनात गणपतीचं लहान चित्र होतं. संकष्टी.

सासूबाई संकष्टी कधी मोडत नसत. तापात नाही, सासरे गेले त्या वर्षी नाही. दिवसभर उपास, रात्री चंद्र बघून नैवेद्य आणि मग जेवण. मी वही तशीच घेऊन स्वयंपाकघरात गेले. त्या ओट्याशी नारळ खवत होत्या.

"आई, वाट लागली. लंडनला पोचतो त्याच दिवशी संकष्टी आहे. माझ्या लक्षातच आलं नाही. उद्या जाते, पाया पडते त्या तिकीटवाल्याच्या, तारीख बदलून घेते."

"रवांदे," त्या म्हणाल्या. राहू दे.

"अहो पण उपास? विमानात, मग विमानतळावर…"

त्यांनी खवणीवरून मान वर केली. "उपास काय हॉटेलात सोडूचो? की खुर्चीर बसान?"

मी वही मिटली.

"नैवेद्याक चूल होयी. घर होया." पुन्हा खवायला लागल्या. "देवाचा काम आसा. तेका माझो शबुद मधे कित्याक?"

बाहेरच्या खोलीत हे वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही, एवढं मला ऐकू आलं.

"तू उभी काय? पत्राचो कागद आण."

मी निळा एअरोग्राम आणला आणि पाटावर बसले. सासूबाईंनी हात धुतले, पदराला पुसले, आणि माझ्या समोर बसून सांगायला लागल्या. कोणाला लिहायचं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. लिही, तांदळाची पिठी मी इथून आणते, तिथली चालायची नाही. लिही, गूळ मिळत नसेल तर तोही आणते. मोदकपात्र नसेल तर चाळणीवर फडकं घालून होतं, तिला माहीत आहे, लहानपणी तीच धरायची. लिही, चंद्र तिथे किती वाजता दिसतो ते बघून ठेव, आमचं कॅलेंडर तिथे उपयोगाचं नाही.

मी लिहीत गेले. कागद भरत आला. घडीवरची एक बोटभर जागा उरली.

"झालं?" मी विचारलं.

त्या ओट्यावरच्या खोबऱ्याच्या ढिगाकडे बघत होत्या. मला वाटलं झालं. मी कडेला डिंक लावायला घेतला.

"थांब गो," त्या म्हणाल्या. "तेका नारळ चलता काय, ता इचार."