कडक चहासोबत एक गोळी

गयाबाई दवाखान्याच्या ओट्यावर कण्हत बसल्या होत्या आणि मी सकाळी दिलेली गोळी अजून त्यांच्या मुठीतच होती.

"अजून घेतली नाही?" मी चिडून विचारलं.

"चहासंगं घ्या मनलात ना तुमी. चहा कुठं मिळायलाय सायेब?"

सोनपेठजवळच्या एका खेड्यात मी सरकारी डॉक्टर होतो. गयाबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायच्या. हातोडा बोटावर बसून नख उखडलं होतं. ड्रेसिंग केलं. अशा ठणक्यावर आम्ही पॅरासिटामॉल आणि कॅफीन एकत्र असलेली गोळी द्यायचो. कॅफीन म्हणजे चहा-कॉफीत असतं तेच. ते सोबत असलं की गोळीचा जोर थोडा वाढतो. पण तो स्टॉक संपला होता. म्हणून साधी पॅरासिटामॉल दिली आणि वर कडक चहा प्यायला सांगितलं. एका कपात कॅफीन जेमतेमच, पण नसण्यापेक्षा बरं.

"मग घरी करायचा."

"दुकानदार पत्ती देईना. हाटेलवाला दारात उभं राहू देईना. आमच्या वस्तीतले नामांतराच्या मोर्चाला परभणीला गेलते. तवापासून गावानं समदंच बंद केलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हटलं, म्हणून जखमी बाईला घोटभर चहा नाही! तरातरा हॉटेलात गेलो. दवाखान्याचा चहा रोज तिथूनच यायचा.

"मारोतराव, गयाबाईंसाठी एक कडक चहा द्या."

"तुमाला धा देतो सायेब. तिला न्हाई. गावानं ठरवलंय."

"अहो, ती बाई कळवळतेय!"

"मग तुमच्या नावानं न्या की. पुढं कुणाला पाजलात, मी कशाला बघू?"

वर आपण केवढे उदार, असा चेहरा. दातओठ खात मी कप घेऊन आलो.

गयाबाईंनी कपाकडे पाहिलं. "माझ्यासाठी मनून दिला का त्यानं?"

मला खोटं बोलता आलं नाही. "माझ्या नावावर दिला."

"मग तुमीच प्या."

त्यांनी माठातलं पाणी घेतलं आणि गोळी गिळली. ठणका उतरायला बराच वेळ लागला. तोवर चहावर साय धरली.

त्याच दिवशी मी हॉटेलचा चहा बंद केला आणि घरचा स्टोव्ह दवाखान्यात आणला. दुसऱ्या दिवशी गयाबाई ड्रेसिंगला आल्या. गोळी घेतली, वर माझ्या हातचा कोरा चहा प्यायल्या. "लय कडू केलाव," म्हणाल्या, पण संपवला.

पुढे मारोतराव गाल धरून आला. दाढ ठणकत होती. त्यालाही साधी गोळी दिली, स्टोव्हवरचा चहा पुढे केला.

त्यानं कप फिरवून पाहिला. "ह्यात कोण कोण पेतंय?"

"सगळे. नको असेल तर माठात पाणी आहे."

"माठाला कोण हात लावतंय?"

"सगळे."

दाढेतून कळ आली असावी. त्यानं मुकाट्यानं कप तोंडाला लावला.

नंतर कॅफीनच्या गोळ्या आल्या. स्टोव्ह मात्र माझी बदली होईपर्यंत तिथून हलला नाही. आजही कुणाला 'चहासोबत घ्या' म्हणण्याआधी मी विचारतो, तुम्हाला चहा देतं कोण?